कॅल्टेकचे ३१० पराभव आणि आपले क्रीडागुण

महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या खेळाची चर्चा निघाली की ती गेली काही वर्षे तीनच गोष्टींवर येऊन थांबते: दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण, शासकीय नोकऱ्यांतले ५ टक्के क्रीडा आरक्षण आणि त्या आरक्षणासाठी तयार केलेली बोगस प्रमाणपत्रे. ट्रॅम्पोलिनसारखा खेळ, जो आपल्यापैकी बहुतेकांनी मैदानावर कधी पाहिलेलाही नाही, त्याची खोटी प्रमाणपत्रे देऊन नोकऱ्या मिळवल्याचे उघड झाल्यावर एका बाजूने सगळ्या सवलती बंद करण्याची मागणी होते, तर दुसरी बाजू विचारते की चोरांची शिक्षा खऱ्या खेळाडूंना का. मी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना शहरात राहतो, आणि हा वाद वाचताना मला इथल्याच कॅल्टेक या छोट्या विद्यापीठाच्या संघांचा इतिहास पुन्हा पुन्हा आठवतो. कारण तिथे खेळून काहीच पदरात पडत नाही आणि तरीही मुले शंभराहून अधिक वर्षे खेळत आली आहेत.

कॅल्टेकमध्ये पदवीचे विद्यार्थी आहेत जेमतेम १,०००. नोबेल विजेत्या शास्त्रज्ञांसाठी ही संस्था जगभर ओळखली जाते. १९१५ साली दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पाच महाविद्यालयांनी आपसांत सामने खेळण्यासाठी संघटना काढली, तेव्हा थ्रूप कॉलेज या जुन्या नावाने ही संस्था तिच्या संस्थापकांपैकी एक होती. तिच्या अमेरिकन फुटबॉल संघाने अनेक वर्षे आपले सामने 'रोज बोल' या प्रचंड स्टेडियमवर, बहुतांशी रिकाम्या बाकांसमोर खेळले. तो संघ १९९३ नंतर बंद झाला, बास्केटबॉल मात्र चालू राहिला.

या बास्केटबॉल संघाने संघटनेचे विजेतेपद १९५४ साली मिळवले, आणि पुढे जे घडले ते क्रीडा इतिहासात क्वचित सापडेल. १९८० साली त्याने पोमोना-पिट्झरच्या संघाला हरवले, तेव्हा संघटनेतल्या सलग ९९ पराभवांची मालिका संपली. त्या दिवशी हरलेल्या संघाचे तरुण प्रशिक्षक ग्रेग पोपोविच पुढे सॅन अँटोनियो स्पर्सला एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेचे पाच वेळा विजेतेपद मिळवून देणार होते. जानेवारी १९८५ मधल्या एका विजयानंतर पराभवांची दुसरी मालिका सुरू झाली आणि ती ३१० सामने चालली. संघात दाखल झालेला मुलगा चार वर्षे खेळून, पदवी घेऊन, संघटनेतला एकही सामना न जिंकता बाहेर पडे, आणि अशा मुलांच्या पिढ्यांमागून पिढ्या गेल्या. एके काळी या संघात शाळेच्या संघातून खेळलेल्यांपेक्षा शाळेत पहिले आलेले अधिक असत.

२२ फेब्रुवारी २०११ रोजी, हंगामातल्या शेवटच्या सामन्यात, घरच्या मैदानावर ऑक्सिडेंटल कॉलेजविरुद्ध ४५-४५ अशी बरोबरी असताना घड्याळात ३.३ सेकंद उरले होते. शेवटच्या वर्षात शिकणारा, संगणकशास्त्राचा एक विद्यार्थी फ्री थ्रोसाठी (प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगामुळे मिळालेल्या विनाअडथळा फेकीसाठी) उभा राहिला, त्याने एक गुण मिळवला आणि कॅल्टेकने ४६-४५ असा सामना जिंकला. प्रेक्षक धावत मैदानात आले. मला त्या विजयाइतकेच, किंबहुना अधिक महत्त्वाचे वाटते ते हे, की सव्वीस वर्षांत कोणत्याही प्रशासनाने 'निकाल लागत नाही, मग खर्च कशाला' असा प्रश्न विचारून तो संघ मोडीत काढला नाही.

हे कसे जमले? अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या ज्या तिसऱ्या श्रेणीत कॅल्टेक खेळते तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. खेळाडू म्हणून प्रवेशाची पातळी खाली आणली जात नाही आणि परीक्षेत वाढीव गुणही मिळत नाहीत. उलट प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो संघात असो वा नसो, पदवीसाठी शारीरिक शिक्षणाची सत्रे पूर्ण करावीच लागतात. म्हणजे मैदान सर्वांना सक्तीचे, आणि बक्षीस कोणालाच नाही.

या विद्यापीठाचे गुणगान करताना २०१२ सालची गोष्ट लपवणे योग्य होणार नाही. तेव्हा इथे सत्राच्या पहिल्या तीन आठवड्यांत विद्यार्थी निरनिराळ्या तासांना बसून पाहत आणि मग विषय निश्चित करत. त्या काळात त्यांची नोंदणी पूर्ण नसल्याने एनसीएएच्या नियमानुसार ते सामने खेळण्यास पात्र ठरत नव्हते. १२ खेळांतले ३० खेळाडू असे अपात्र असताना खेळल्याचे निष्पन्न झाले. ही चूक बाहेरच्या कोणी पकडली नव्हती, विद्यापीठाने स्वतःच ती कळवली. तीन वर्षांची देखरेख आणि दंड त्यांच्या वाट्याला आला आणि त्या खेळाडूंसह मिळवलेले विजय रद्द झाले. ज्यांच्याकडे मुळात विजयच मोजके, त्यांनी तेही सोडून दिले.

याच अमेरिकेत २०१९ साली नेमके उलटे चित्र दिसले. श्रीमंत पालकांनी लाखो डॉलर मोजून आपल्या मुलांना वॉटर पोलोपटू किंवा नौकानयनपटू म्हणून रंगवले, त्यासाठी छायाचित्रेही बनवली आणि येल, सदर्न कॅलिफोर्निया यांसारख्या नामवंत विद्यापीठांत खेळाडूंसाठी राखलेल्या वाटेने त्यांना आत घुसवले. काही प्रशिक्षकांनी लाच घेतल्याचे न्यायालयात कबूल केले. या बातम्या वाचताना मला आपली ट्रॅम्पोलिनची प्रमाणपत्रे आठवली. मैदानावरच्या कागदाला मैदानाबाहेर भाव आला की तो कागद छापणारे कुठेही निर्माण होतात, त्यासाठी भारतीय असावे लागत नाही.

तरीही कॅल्टेकची रीत उचलून महाराष्ट्रात आणा, असे मी म्हणणार नाही. तिथल्या मुलाचे भवितव्य संघात शिरण्यापूर्वीच बरेचसे सुरक्षित झालेले असते. सामना हरला तरी त्याची नोकरी कुठे जात नाही. सांगली-साताऱ्याच्या गावातून कबड्डी खेळत पुढे आलेल्या मुलीसाठी पोलीस भरतीतली खेळाडूची जागा हा घरच्या चुलीचा प्रश्न असतो. ती जागा काढून घ्या, असे पॅसाडिनात बसून लिहिण्याचा मला अधिकार नाही, आणि ती काढली जावी असे मला वाटतही नाही.

माझा आक्षेप सवलतीच्या गुणांना आहे, कारण त्यांनी खेळाचे गणितच बदलले. माझा भाचा आठवीपर्यंत खो-खो खेळायचा. नववीत त्याच्या शाळेने सांगितले की जिल्ह्याच्या पुढे जाण्याची शक्यता नसेल तर वेळ घालवू नकोस, आणि दहावीला शारीरिक शिक्षणाच्या तासाला गणित शिकवले जाऊ लागले. जो राज्यस्तरावर जाणार नाही त्याच्यासाठी आपल्याकडे संघच उरत नाही. आणि हे परदेशातच शक्य आहे असेही नाही. आयआयटी मुंबईत पहिल्या वर्षी एनसीसी, एनएसएस किंवा क्रीडा यांपैकी एक घ्यावेच लागते, आणि आयआयटींच्या आपसांतल्या क्रीडा स्पर्धा १९६१ पासून चालू आहेत. तिथे जाण्यासाठी मात्र मुलाने आधी दोन वर्षे मैदान सोडून 'इंटिग्रेटेड' म्हणजे शिकवणी वर्गाशी जोडलेल्या कॉलेजात बसावे अशी आपली अपेक्षा असते.

म्हणून मला वाटते, नोकरीतले आरक्षण ठेवावे, पण प्रमाणपत्रासोबत त्या सामन्याचे गुणपत्रक आणि संघाची यादी सामना संपल्यावर लगेच सर्वांना पाहता येईल अशी जाहीर व्हावी, म्हणजे पाच वर्षांनी पडताळणी समिती नेमावी लागणार नाही. दहावी-बारावीचे वाढीव गुण टप्प्याटप्प्याने थांबवून त्याऐवजी दर आठवड्याचे मैदानाचे तास परीक्षेच्या वर्षातही सक्तीचे ठेवावेत. आणि राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने भरणाऱ्या 'अश्वमेध' या आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवासाठी निवडल्या जाणाऱ्या संघाखेरीज प्रत्येक महाविद्यालयाने आणखी एक संघ उभा करावा, ज्यात निवड चाचणीत मागे पडलेली मुले असतील आणि जो शेजारच्या तालुक्यातल्या महाविद्यालयाशी दर महिन्याला खेळेल, मग तो वर्षभर हरला तरी चालेल.