सात प्रश्नचिन्हांचा खान्देश

हत्ती फुकट मिळतोय म्हटल्यावर आमच्या वाचनालयाच्या संचालक मंडळाने ठराव एकमताने मंजूर केला. एरवी आमच्याकडे सतरंजी धुवायला टाकायची की नाही यावरही दोन गट पडतात. हा हत्ती म्हणजे पोस्टग्रेस नावाचं डेटाबेस सॉफ्टवेअर. त्याच्या बोधचिन्हात निळ्या हत्तीचं डोकं आहे. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर या प्राध्यापकांनी १९८६ साली ते करायला घेतलं. पुढे १९९६ मध्ये त्याचं नाव पोस्टग्रेएसक्यूएल झालं. जगभरची माणसं ते मिळून वाढवतात आणि कुणीही एक छदाम न मोजता उतरवून घेऊ शकतं. एवढ्या सगळ्या माहितीतलं मंडळाला शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं.

आमचं वाचनालय अमळनेर तालुक्यातल्या एका गावात, शासनमान्य, 'ब' वर्ग. पुस्तकांची दाखल नोंदवही इतकी जुनी की तिचं पान उलटायचं तर ग्रंथपाल आधी पंखा बंद करतात. ही नोंदवही संगणकावर चढवायची असं ठरलं. पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीने सुट्टीत बसून त्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. प्रोग्रामला खाली डेटाबेस लागतो, तो लॅपटॉपवर बसवायचा, एवढंच काम मानद चिटणीस म्हणून माझ्याकडे आलं. "मामा, नेक्स्ट-नेक्स्ट-फिनिश करायचंय फक्त," असं ती म्हणाली होती. वाक्यात 'फक्त' आलं की माणसाने सावध व्हावं.

तसा अमळनेरकडचा माणूस संगणकाला बिचकत नाही. विप्रो ही कंपनी १९४५ साली अमळनेरात सुरू झाली, हे इथलं शेंबडं पोरही छाती फुगवून सांगतं. ती वनस्पती तूप करण्यासाठी सुरू झाली होती, हे मात्र आम्ही जरा हळू आवाजात सांगतो.

लॅपटॉप एका वर्गणीदाराच्या मुलाने देणगी दिलेला. बॅटरी नावापुरती, चार्जरची पिन जरा हलली की तो जागच्या जागी मान टाकतो. तो पहिल्यांदा चालू केला त्या दिवशी मंडळ समोर बसलं होतं. स्क्रीनवर प्रश्न आला, हा संगणक कोण वापरणार? माझा भाचा, म्हणजे वरच्या भाचीचा धाकटा भाऊ, नुकताच बारावी झालेला आणि अभिमानाने ओसंडून वाहणारा. त्याने देवनागरीत टाइप केलं: खान्देश. मंडळाने टाळ्या वाजवल्या. काळेअप्पांनी तर त्याच्या खिशात शंभराची नोट कोंबली.

मे महिन्यातली दुपार. आमच्याकडे या दिवसांत पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि माणसं कामं पहाटे नाहीतर रात्री करतात. वाचनालयाचा कूलर मात्र वर्तमानपत्राच्या टेबलाकडे तोंड करून असतो आणि तो फिरवायला मंडळाची परवानगी लागते. मी घाम पुसत हत्तीच्या फाइलवर दोनदा टिचकी मारली. परवानगी मागणारी खिडकी आली, होय म्हटलं. गोल फिरलं. आणि मग एक इवलीशी खिडकी: तांबडी फुली, शेजारी इंग्रजीत एकच ओळ. टेम्प नावाच्या पर्यावरणीय चलातल्या मार्गावर लिहिता येत नाही, असा काहीसा तिचा अर्थ. खाली ओके. या ओकेचं मला नेहमी नवल वाटतं. आपलं सगळं बिघडलंय हे सांगून झाल्यावर ते आपल्याकडूनच वदवून घेतात की ठीक आहे.

"मामा, टेन्शन नका लेऊ. आते करी देस," म्हणत भाचा पुढे सरसावला. त्याने फाइल डी ड्राइव्हमध्ये नेली. तीच फुली. उजवी टिचकी मारून 'ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' केलं. तीच फुली. अँटिव्हायरस बंद केला. फुली. रिस्टार्ट तर मधूनमधून, आचमनासारखं, चालूच होतं. तोवर बातमी बाहेर टपरीवर पोचली होती, आणि वाचनालयात कधी पाऊल न टाकलेले लोक सल्ला द्यायला आत येऊ लागले. मोबाइल रिचार्जवाल्याने ठामपणे सांगितलं, रॅम कमी पडतेय. सहकारी सोसायटीतला कारकून म्हणाला, तारीख बघा, आमच्याकडे तारीख चुकली की काहीच उघडत नाही. तारीख बरोबर होती. "मग वेळ बघा." एका आजोबांनी विचारलं, ह्या यंत्राची पूजा केली होती का? केली नव्हती. सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो.

काशीदअण्णा दर तासाला येऊन एकच विचारत: "काय मास्तर, हत्ती बसना का?"

"नाही अण्णा."

"काळे व्हता का तठे, सुरू करताना?"

काळेअप्पा आणि काशीदअण्णा यांचं एकमेकांशी का पटत नाही हे आता त्या दोघांनाही आठवत नसावं. पण गावात पाऊस लांबला तरी काशीदअण्णा आधी काळे कुठे होते याची चौकशी करतात.

शेवटी पुण्याला फोन लावला. भाची ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. कुजबुजत बोलत होती, त्यामुळे मीही कारण नसताना कुजबुजू लागलो.

"मामा, काळी खिडकी उघडा."

"वाचनालयाला काळी खिडकी नाही गं."

"स्क्रीनवर, मामा. सीएमडी टाइप करा. उघडली? आता लिहा: इको, स्पेस, टक्का, टेम्प, टक्का."

"टक्का किती?"

"नुसतं चिन्ह, मामा. टक्क्याचं चिन्ह. मग स्पेस, मग 'पेक्षा मोठं'चं चिन्ह, मग डी, कोलन, उलटी तिरकी रेघ, ए डॉट टीएक्सटी."

उलटी तिरकी रेघ कीबोर्डवर कुठे असते यावर आमचा बराच वेळ गेला. सुलटी सगळ्यांनाच सापडत होती. अखेरीस ए डॉट टीएक्सटी नावाची फाइल तयार झाली. भाच्याने ती उघडली. आत एकच ओळ होती. तात्पुरत्या फाइली ठेवायच्या फोल्डरचा पत्ता: आधी सी ड्राइव्ह, मग युजर्स, त्यापुढे जिथे वापरणाऱ्याचं नाव हवं तिथे हे,

???????

आणि त्यापुढे बाकीचा पत्ता इंग्रजीत, व्यवस्थित.

फोनवर क्षणभर शांतता. मग भाचीने कुजबुजणं सोडून दिलं. "मामा, त्या लॅपटॉपवर अकाउंटचं नाव काय ठेवलंय?"

भाचा तोवर पाणी प्यायला बाहेर गेला होता.

मी चिन्हं मोजली. सात. 'खान्देश'ची अक्षरं तर तीन. पण संगणक आपल्यासारखी अक्षरं मोजत नाही. ख वेगळा, त्याचा काना वेगळा, न, त्याचा पाय मोडणारं हलन्त, द, मात्रा, श. झाले सात. भाचीने समजावलं ते असं: १९९१ साली युनिकोडची, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक वाटणाऱ्या तक्त्याची, पहिली आवृत्ती आली तेव्हापासून देवनागरीला तिच्यात १२८ घरांची स्वतंत्र आळी आहे. विंडोज ती आळी ओळखते, म्हणून स्क्रीनवर 'खान्देश' झोकात दिसतं. पण काही प्रोग्राम आणि काही आज्ञा अजून जुन्या वळणाच्या असतात. त्यांच्या तक्त्यात २५६ घरं, आणि त्यांत देवनागरीला एकही घर नाही. ओळखीचं अक्षर सापडलं नाही की ते तिथे प्रश्नचिन्ह ठेवतात आणि पुढे जातात. आता गंमत अशी की विंडोजमध्ये फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही. म्हणजे बसवणारा प्रोग्राम आपल्या तात्पुरत्या फाइली घेऊन अशा फोल्डरच्या शोधात निघाला होता, जो असूच शकत नाही.

आणि ज्याला बसवायचं तो हत्ती? त्याच्या पोटात मराठीच काय, मोडीही मावते. युनिकोड त्याला तोंडपाठ. वाचनालयाची सगळी पुस्तकं, लेखक, वर्गणीदार तो देवनागरीत जसेच्या तसे सांभाळायला तयार. अडचण फक्त उंबरठ्यावरची. घरात पुरणाचे मांडे तयार ठेवावेत आणि पाहुण्याचं नाव वाचता येईना म्हणून दाराची कडी काढू नये, तशातली गत.

मंडळाला हे कळलं तेव्हा फारसं आश्चर्य कुणाला वाटलं नाही. "खान्देशचं नाव घेतलं की पुढे प्रश्नच दिसतात, हे त्या यंत्रालाही कळलं," असं कुणीतरी म्हणालं आणि मग चर्चा पाडळसऱ्याच्या रेंगाळलेल्या धरणावर गेली, तिथून कापसाच्या भावावर, तिथून केळीच्या पीकविम्यावर. सात प्रश्न सहज भरले. लॅपटॉप तोवर झोपी गेला होता.

भाचा परत आला आणि त्याने तत्परतेने सेटिंगमध्ये जाऊन खात्याचं नाव इंग्रजी अक्षरांत केलं. स्क्रीनवर नाव बदललं. फोल्डर मात्र जागचा हलला नाही. खात्याचं नाव बदललं तरी पहिल्या दिवशी तयार झालेला फोल्डर जुनंच नाव लावतो. लग्नानंतर नाव बदललं तरी सातबाऱ्यावर जुनंच राहिलेल्या आमच्याकडच्या बायकांना हे नव्याने सांगायला नको. त्या फोल्डरचं नाव जबरदस्तीने बदलू नका, बाकीचं सगळं कोसळेल, असा पुण्याहून दम आला. त्याऐवजी सी ड्राइव्हवर टेम्प नावाचा साधा इंग्रजी फोल्डर करायचा आणि विंडोजला सांगायचं की तात्पुरतं सामान यापुढे तिथे ठेव. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स नावाच्या पाटीमागे ही सोय दडलेली असते. ती पाटी सापडली, दोन ओळी बदलल्या, खिडकी बंद केली.

टिचकी मारली. तांबडी फुली आली नाही. त्याऐवजी हत्ती आला! वाचनालयात 'शांतता पाळा'च्या पाटीखाली एवढा गलका कधी झाला नसेल. पासवर्ड विचारला, दिला, भाच्याने तो दाखल नोंदवहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला. पोर्ट विचारला, ५४३२ आधीच लिहिलेला होता, तो तसाच ठेवला. पट्टी पुढे सरकू लागली. निम्मी झाली. पाऊण झाली.

आणि वीज गेली.

वीज गेली की आमच्याकडे कुणी काही बोलत नाही; सगळे फक्त वर पंख्याकडे बघतात. तो पूर्ण थांबेपर्यंत बघतात. या वेळी मात्र सगळे लॅपटॉपकडे बघत होते, आणि त्याला थांबायला पंख्याइतकाही वेळ लागला नाही.

वीज आल्यावर आम्ही अर्धवट बसलेला हत्ती रीतसर काढला. काढून झाल्यावर त्याने एक निरोप दिला की डेटा फोल्डर मात्र काढलेला नाही. हे त्याचं धोरण आहे, आणि मला विचाराल तर शहाणपणाचं. सॉफ्टवेअर काढणाऱ्याच्या हातून वर्षांची नोंद जाऊ नये म्हणून ते डेटाला हात लावत नाहीत. पण आमच्या डेटा फोल्डरमध्ये होता फक्त वीज जाण्यापूर्वीचा अर्धा संसार. आम्ही उत्साहात तो निरोप न वाचता ओके केलं, पुन्हा सगळे नेक्स्ट दाबले, आणि अगदी शेवटी, पट्टी भरत आली असताना, नवी खिडकी: डेटाबेस क्लस्टर सुरू करता आलं नाही.

पुन्हा पुणे. आता भाची मीटिंगमधून बाहेर येऊन बसली होती. तिच्या साहेबांनाही म्हणे उत्सुकता लागली होती. तिने सांगितलं की नवा डेटाबेस मांडायचा तर फोल्डर रिकामा लागतो, आत एक जरी जुनी फाइल दिसली तरी तो मांडणी नाकारतो. फोल्डर पुसा. पुसायला गेलो तर विंडोज म्हणते परवानगी नाही. कुणाची? ॲडमिनिस्ट्रेटरची. पण ॲडमिनिस्ट्रेटर तर मीच, खान्देश! "तरी विचारतं, मामा. कंटिन्यू दाबा." आणि जाता जाता, लोकेलच्या, म्हणजे भाषा-प्रदेश निवडायच्या, यादीत नुसतं 'सी' निवडा, म्हणजे भाषेच्या रंगरूपाची भानगड नको.

वीज जायच्या आत उरका, असं म्हणत काळेअप्पा मीटरपेटीजवळ जाऊन उभे राहिले. तिथे उभं राहून ते काय करणार होते कुणास ठाऊक, पण त्यांचा आधार वाटला. पट्टी सरकली, भरली, फिनिश आलं. लगेच त्याने विचारलं, स्टॅक बिल्डर नावाचं आणखी काही हवंय का? सगळे एका सुरात नको म्हणाले.

भाचीचा प्रोग्राम उघडला. ग्रंथपालांनी वर्गणीदारांची यादी आधी चढवायला घेतली, कारण थकबाकी तिथे दिसते. संध्याकाळी यादी अकारविल्हे छापून भिंतीवर लावली. शेवभाजीचा बेत झाला. रात्री सगळे झोपले.

सकाळी काशीदअण्णा यादीसमोर उभे. कंबरेवर हात.

"मास्तर, काळे मन्हा वर कसा?"

पाहिलं तर खरंच. काळे आधी, काशीद नंतर. बाराखडीत ळ येतो ह नंतर. म्हणजे काशीद आधी आणि काळे खाली, हे शाळेतलं पोर सांगेल. पण 'सी' निवडलं की डेटाबेस बाराखडी बघत नाही, युनिकोडच्या आळीतला घर क्रमांक बघतो. आणि तिथे ळ राहतो ल च्या शेजारी, व आणि श च्या अलीकडे. हे मी अण्णांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की आळीत घरं वाटली तेव्हा काळे तिथे होते का.

मी स्पीकर चालू करून पुण्याला फोन लावला. भाची म्हणाली, उपाय आहे. पोस्टग्रेसला २०१७ सालापासून आयसीयू नावाची सोय जोडता येते. निरनिराळ्या भाषांचे क्रम लावायचे नियम तिच्यात असतात, मराठीचेही. "पण मामा, मग त्या काळ्यांच्या नावासाठी आयसीयू लावावं लागेल."

अण्णांचा चेहरा एकदम गंभीर झाला. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"कधी नेलं त्याले?" त्यांनी विचारलं. "अमळनेरला का धुळ्याले?"