मीटरवर विसंबू नका

जुनी (सेकंडहँड) गाडी घेण्याबद्दलच्या लेखात ‘कमी चाललेली गाडी शोधा’ असं म्हटलंय, पण मीटर मागे फिरवून देणारे गल्लोगल्ली आहेत. त्यापेक्षा पेडल बघा. मीटर 30,000 दाखवतोय आणि क्लचच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय, तर सरळ परत फिरा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, स्टेपनी काढून खालचा पत्रा बघा. 2019 च्या पुरानंतर आमच्या सांगली-कोल्हापूर भागात हे बघायला लोक शिकले. गाडी बाहेरून कितीही धुतली तरी गाळाचा डाग तिथे राहतो.

इंजिन गार असतानाच चालू करायला लावा. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर ते ऑइल खातंय.

बजेट दीड-दोन लाखांचं असेल तर वॅगनआर किंवा अल्टो घ्या, पार्ट तालुक्यालाही मिळतात. आणि कृपा करून आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते तपासा. असेल तर बँकेची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म 35 (आरसीवरचा बोजा उतरवायचा अर्ज) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. एजंट ‘नंतर करून देतो’ म्हणतात, पण तोवर गाडी तुमच्या नावावर होत नाही.