नाही म्हणायचं तर लेखी म्हणा

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंबरोबर मागच्या महिन्यात वॉर्ड ऑफिसात गेले होते. काम एकच. त्यांच्या गल्लीतल्या सहा घरांना मिळून एक नळ. खिडकीतल्या माणसाने कागद हातात घेतलेही नाहीत. मान वर न करता विचारलं, "जागा कोणाची?" ताई म्हणाल्या, "सरकारी." "मग नाही होणार." संपलं. अर्धं मिनिटही लागलं नाही.

मी बत्तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली आहेत, त्यामुळे हे "नाही होणार" मला लांबूनही ओळखू येतं. आम्हीही म्हणायचो. झोपडपट्टीतला पत्ता, लाइट बिल दुसऱ्याच्या नावावर, म्हणजे खातं "नाही होणार". कुठल्या परिपत्रकात लिहिलंय हे समोरच्या बाईने कधी विचारलं नाही आणि आम्ही कधी शोधलं नाही. आता त्याची लाज वाटते, पण तेव्हा घरी जायची लोकल दिसत असायची.

शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मुंबईला लागून आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं की त्या खिडकीतल्या माणसाची बदली होईल आणि खिडकी तशीच राहील.

ताईंच्या वस्तीत पाणी येतं ते खालच्या रस्त्यावरून मोटार लावून वर चढवलेल्या पाइपाने. पाइप एका माणसाचा, मोटार त्याची, वेळही त्याची. दोनशे लिटरचं पिंप पन्नास रुपये. म्हणजे हजार लिटरला अडीचशे. माझ्या सोसायटीला पालिका हजार लिटर पाणी दहा रुपयांच्या आत देते. पाणी एकाच जलवाहिनीतलं. ज्या बाई माझ्या घरची भांडी माझ्या स्वस्त पाण्याने घासतात, त्या स्वतःच्या घरी पंचवीसपट महागाच्या पाण्याने घासतात. हे गणित मी त्यांना करून दाखवलं तेव्हा त्या हसल्या. त्यांना ते कधीपासून पाठ होतं. हिशेब मलाच नवा होता.

मानवी हक्क म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पोलीस कोठडी, आयोग, दिल्ली, जिनिव्हा असं काहीतरी येतं. महापालिका येत नाही. पालिका म्हणजे खड्डे आणि टेंडर. पण माणूस जन्मल्याची नोंद पालिकेत होते, मेल्याची पालिकेत होते, आणि मधल्या काळात पाणी, संडास, दवाखाना, प्राथमिक शाळा, फेरीच्या धंद्याचा परवाना, दिवाबत्ती हे सगळं तिच्याच दारात मागावं लागतं. संविधानाच्या कलम २१ मधला जगण्याचा हक्क गरिबाला भेटतो तो वॉर्ड ऑफिसच्या खिडकीत. नाहीतर नाकारला जातो तोही तिथेच.

आपल्याला हे नवं वाटायला नको खरं तर. दरवर्षी २० मार्चला आपण महाडचं चवदार तळं आठवतो, पण त्या गोष्टीतली नगरपालिका विसरतो. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपलं तळं खुलं करणारा ठराव केला. केवढी मोठी गोष्ट! कोकणातल्या एका लहान गावाच्या नगरपालिकेने मानवी हक्कांचा कायदा केला म्हणा ना. पण तळ्यावर कोणी जाऊ शकलं नाही, कारण ठराव दप्तरात होता आणि काठ सवर्णांच्या ताब्यात. नगरपालिकेने शिपाई उभा केला नाही, पाटी लावली नाही. तीन वर्षं ठराव नुसता पडून होता. १९२७ मध्ये बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर उतरले तेव्हा त्या ठरावावर पहिल्यांदा पाऊल पडलं. आणि पुढे काय झालं? ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेने तो ठराव रद्द केला. मग तळं खासगी असल्याचा दावा कोर्टात झाला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अस्पृश्यांच्या बाजूचा निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला.

म्हणजे एकच नगरपालिका साडेतीन वर्षांत हक्क देते आणि काढून घेते. मला या इतिहासात एक गोष्ट मात्र फार लागते. महाडच्या नगरपालिकेने दिलं तेही लेखी आणि काढून घेतलं तेही लेखी. कोणी काय केलं, कधी केलं, हे शंभर वर्षांनी तुम्हीआम्ही तारखेनिशी सांगू शकतो. ताईंना मिळालेल्या "नाही होणार"ची मात्र जगात कुठेही नोंद नाही. त्यांनी अर्जच केला नाही, असंच पालिकेचं रेकॉर्ड म्हणणार. मागणी नाही, म्हणजे अडचण नाही.

आता कायदा. मी वकील नाही, पण वाचता येतं. वस्त्यांच्या पाण्यासाठी लढणारी 'पाणी हक्क समिती' मुंबई महापालिकेविरुद्ध उच्च न्यायालयात गेली होती, त्याचा निकाल डिसेंबर २०१४ मध्ये लागला. ठरावीक तारखेनंतरच्या झोपड्यांना पाणी द्यायचं नाही, असं तेव्हाचं धोरण. न्यायालय म्हणालं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि घर बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी पूर्णपणे नाकारता येणार नाही. कायद्याने राहणाऱ्यांइतकंच, घरोघरी नळाने द्या असं कोर्टाने म्हटलं नाही. एका जागी सार्वजनिक नळ द्या, दर हवा तर चढा लावा, पण धोरण करा, असं सांगितलं. त्यानंतरच्या धोरणातही पदपथावरच्या आणि केंद्र सरकारच्या जमिनीवरच्या वस्त्या बाहेरच राहिल्या, आणि 'सर्वांसाठी पाणी' हे नाव घेऊन मुंबईचं धोरण यायला २०२२ साल लागलं. मधल्या काळात मुंबईतल्या कौला बंदरसारख्या, म्हणजे केंद्राच्या पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवरचे लोक पाणी विकतच घेत राहिले. तहान काही जमिनीचा मालक विचारून लागत नाही.

हे सांगितलं की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ठरलेलं उत्तर येतं. "मॅडम, पाणी दिलं की उद्या अजून शंभर झोपड्या उभ्या राहतील." यावर मी दोन गोष्टी म्हणते. एक, नळ आहे म्हणून कोणी जालन्याहून किंवा गोंड्याहून येत नाही, काम आहे म्हणून येतं. आणि ते काम आपणच देतो. दुसरी गोष्ट जरा बोचरी आहे. आमच्या इमारतीला पहिली सात वर्षं ओसी, म्हणजे राहायला जायचा पालिकेचा दाखला, नव्हती. बिल्डर पळाला होता. कागदावर आम्ही त्या इमारतीत राहायलाच नको होतो. तरी पालिकेने आम्हाला पाणी दिलं, चढ्या दराने, माणुसकीच्या दृष्टीने. तो शब्द जुन्या फाइलमध्ये आहे, सोसायटीच्या कपाटात. बेकायदा आम्हीही होतो. फक्त चौथ्या मजल्यावर होतो.

ग्रुपवर यानंतर शांतता पसरते. एकाने फक्त हात जोडल्याची इमोजी टाकली. कशाबद्दल, देव जाणे.

पालिकेला अधिकार नाहीत, असंही ऐकू येतं. अधिकार भरपूर आहेत. पाणीपुरवठा हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मधलं बंधनकारक कर्तव्य आहे, ऐच्छिक नव्हे. ७४व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत शहरांनी करायच्या अठरा कामांची यादी आहे, त्यात झोपडपट्टी सुधारणा आहे, शहरी गरिबी कमी करणं आहे, दुर्बल घटकांच्या हिताचं रक्षण आहे. पैसा? मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४ हजार कोटींच्या वर होतं. बाकीच्या पालिकांकडे तेवढं नसेल, कबूल. पण एका वस्तीला सार्वजनिक नळ द्यायला समुद्रात रस्ता बांधण्याइतके पैसे लागत नाहीत.

आणि पालिकेने ठरवलं तर काय होतं, हेही आपल्याकडेच घडलेलं आहे. पुण्यात कचरावेचक बायका उकिरड्यावर काम करायच्या तेव्हा पोलीस हटकायचे, सोसायटीत काही हरवलं की पहिला संशय त्यांच्यावर. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि त्यानंतर काही वर्षांतच पुणे महापालिकेने त्यांच्या ओळखपत्राला मान्यता दिली. साधं कार्ड, फोटो आणि शिक्का असलेलं. पण पालिकेचा शिक्का गळ्यात असलेल्या बाईला हवालदार "ए" म्हणताना एकदा थांबतो. पुढे २००८ पासून 'स्वच्छ' या त्यांच्याच सहकारी संस्थेबरोबर दारोदार कचरा गोळा करायचा करार झाला. त्या करारावरून दरवेळी ओढाताण होते, खासगी ठेकेदार दाराशी उभाच असतो, आणि हे सगळं गोडगोड आहे असं माझं म्हणणं नाही. पण चोर ठरवली जाणारी बाई शहराची अधिकृत सेविका झाली, आणि त्यासाठी दिल्लीला जावं लागलं नाही. या पंचायतीच्या पाठीशी बाबा आढाव होते, ज्यांनी त्याच्या वीस वर्षं आधी 'एक गाव एक पाणवठा' ही सगळ्या जातींना एकच पाणवठा मागणारी चळवळ चालवली होती. बघा, फिरून पाण्यावरच येतो आपण.

बाहेरच्या जगात काही शहरं स्वतःला 'मानवी हक्कांचं शहर' म्हणवून घेतात. दक्षिण कोरियातल्या ग्वांगजूने, जिथे १९८० मध्ये लष्कराने आपल्याच लोकांवर गोळ्या चालवल्या होत्या, शहराचा मानवी हक्कांचा वेगळा नियम केला आणि तक्रारी ऐकायला लोकपाल नेमला. शहरच अन्याय करत असेल तर शहराच्याच ऑफिसात दाद मागायची सोय. आपल्याकडे अशी घोषणा झाली तर चौकात कमान उभी राहील, नेत्यांचे फोटो लागतील आणि कमानीखाली फेरीवाल्याची गाडी उचलली जाईल. त्यामुळे घोषणा राहू द्या. मला त्यातला फक्त तो लोकपाल हवा आहे.

तो येईपर्यंत एक साधी गोष्ट आजच्या आज करता येते, आणि तिच्यासाठी नवा कायदा लागत नाही. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित, म्हणजे यादीत जाहीर केलेली, सेवा मागणाऱ्याचा अर्ज घ्यायचा, पोच द्यायची, ठरलेल्या दिवसांत निर्णय द्यायचा, नाकारला तर कारण लेखी कळवायचं आणि अपील कुठे करायचं हेही सांगायचं. आयुक्तांनी प्रत्येक वॉर्डात एका ओळीचं पत्रक काढावं: तोंडी नकार हा नकार धरला जाणार नाही. आणि दर महिन्याला किती अर्ज नाकारले, कुठल्या वस्तीतले, कुठल्या कारणासाठी, याची यादी ऑफिसच्या बाहेर लावावी. बँकेत आम्हाला नाकारलेल्या कर्जाचं रजिस्टर ठेवावं लागायचं. ते आल्यावर नकार कमी झाले, कारण कारण लिहिताना पेन अडखळतं. "जागा सरकारी" असं लिहिलं की वरचा साहेब विचारणार, २०१४ चा निकाल वाचलात का?

यात नगरसेवकांचं काम येतं, पण ते होते कुठे? मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाचा कारभार. राज्यातल्या इतर शहरांतही तेच. ज्याच्या घरी सकाळी आठला हंडे घेऊन जाता येतं असा माणूसच नव्हता. श्रीमंताला त्याने फारसा फरक पडला नाही, त्याच्याकडे आर्किटेक्ट असतो, वकील असतो, कोणाचा तरी नंबर असतो. ताईंकडे खिडकी होती. ती तर बघितलीतच.

बायकांच्या संडास-मुताऱ्यांबद्दल या पोस्टमध्ये लिहीत नाही, त्यावर लिहायला बसले तर पोस्ट संपणार नाही. 'राइट टू पी' वाल्या मुलींनी मुंबईत वर्षानुवर्षं डोकं फोडलं आहे, डिसेंबर २०१५ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' या बायकांच्या मासिकाच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने पालिकांना सूचना दिल्या आहेत, आणि मी अजूनही बाहेर जाताना दुपारनंतर पाणी पीत नाही. एवढंच सांगते.

तर ताईंचं पुढे. दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो. या वेळी अर्ज दोन प्रतींत, सहाही घरांच्या सह्या, रेशन कार्डाच्या झेरॉक्स. खिडकीत तोच माणूस. मी म्हटलं, "नाही होणार असेल तर तसं यावर लिहून द्या, कारणासकट, खाली सही आणि तारीख." तो माझ्याकडे बघत राहिला. मग आत गेला, पंधरा मिनिटांनी बाहेर आला, आणि काही न बोलता शिक्का मारला. इनवर्ड नंबर पडला.

पाणी अजून आलेलं नाही. तीन आठवडे झाले. ज्युनिअर इंजिनिअर एकदा येऊन गल्ली बघून गेला, आणि मोटारवाल्याने त्याच संध्याकाळी पिंपाचे पाच रुपये वाढवले. पण काल रविवारी ताई वरच्या गल्लीतल्या चौघींना घेऊन आल्या. त्यांनाही अर्ज करायचा होता. जेवणाच्या टेबलावर झेरॉक्सचा ढीग, चहाचे कप, आणि एकीचा मुलगा मोठ्याने वाचत होता, "प्रति, माननीय सहायक आयुक्त…" त्यातल्या एकीच्या रेशन कार्डावर पत्ता अजून गावचाच आहे. त्याचं काय करायचं, कोणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा.