जेवून करायचं व्रत

सिगार पेटवणारा नवखा माणूस पाहिला की मला पावसाळ्यातला बंब आठवतो. फुंकर जास्त, धूर डोळ्यांत आणि पाणी थंडगार. त्यातही बिडी-सिगारेटवर हात बसलेला माणूस लवकर फसतो, कारण आपल्याला हे येतं असं त्याला वाटत असतं. चहाचा कप संपायच्या आत पाच-सहा झुरके, थोटूक चपलेखाली, की पुन्हा कामावर हजर, हे त्याचं शिक्षण. सिगारला तास लागतो. त्या तासात दुसरं काही उरकायचं नसतं, आणि जेवढी विकत घेतली तेवढी सगळी ओढायचीही नसते. आपलं घोडं अडतं ते या शेवटच्या अटीवर. ताटात टाकायचं नाही आणि पैसे वसूल केल्याशिवाय उठायचं नाही, या संस्कारात वाढलेला माणूस दुकानात पाऊल टाकल्यापासून चुकायला लागतो.

पहिली चूक मापाची. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात आणि त्या आकड्याला रिंग गेज म्हणतात. ५० रिंग गेज म्हणजे ५०/६४ इंच, साधारण २० मिलिमीटर. मापांना नावंही असतात: रोबुस्टो ५ इंच लांब आणि ५० रिंगची असते, चर्चिल ७ इंच आणि ४७ची, पेटिट कोरोना ५ इंचांच्या जरा वर आणि ४२ची. काउंटरवर तिन्ही शेजारीशेजारी ठेवल्या की आपला हात आपोआप चर्चिलकडे जातो. थोड्याच जास्त पैशांत दोन इंच जादा मिळतायत! पण ते दोन इंच ओढायचेही आपल्यालाच असतात. चर्चिल दीड तास चालते. दीड तासात संगीत नाटकाचा पहिला अंक उरकतो, आणि नवख्याचं तोंड पाऊण तासातच कडू झालेलं असतं. पेटिट कोरोना अर्ध्या-पाऊण तासात आटोपते. लहान घेण्यात कमीपणा नाही. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी पेटिट अपमन या लहानशा क्यूबन सिगारचे शौकीन होते. १९६२च्या फेब्रुवारीत क्यूबाच्या मालावर बंदी घालायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आपले प्रसिद्धी सचिव पिअर सॅलिंजर यांना बाजारात पिटाळलं, १२०० सिगार घरात आल्याची खात्री केली आणि मग बंदीच्या आदेशावर सही केली. सॅलिंजर यांनीच हे सांगून ठेवलं आहे. भाव वाढणार म्हणून आधीच डाळ भरून ठेवणाऱ्या प्रत्येकाला हा माणूस जवळचा वाटायला हरकत नाही.

दुसरी चूक रंगाची. काळपट सिगार कडक आणि फिकट सिगार सौम्य, असं सगळे धरून चालतात. रंग असतो बाहेरच्या पानाचा, आणि कडकपणा मुख्यतः ठरतो आतल्या पानांवर. मादुरो म्हणून जी जवळजवळ काळी सिगार मिळते तिचं वरचं पान जास्त काळ आंबवलेलं असतं, आणि चवीला ते बऱ्याचदा गोडसर लागतं. कडक असतं ते लिहेरो, म्हणजे झाडाच्या शेंड्याकडचं, ऊन खाल्लेलं पान. ते किती भरलंय हे वरून दिसत नाही, दुकानदाराला विचारावं लागतं. पहिल्या वेळी फिकट कनेटिकट पानात गुंडाळलेली सौम्य सिगार मागा आणि इभ्रतीचा प्रश्न करू नका.

सिगारची रचना कळायला अळूवडीचा उंडा डोळ्यांसमोर आणावा. आत लांबीच्या दिशेनं घातलेली पानं म्हणजे फिलर, त्यांना बांधून धरणारं जाड पान म्हणजे बाइंडर, आणि सगळ्यावर नितळ, देखणं रॅपर. उंडा फार घट्ट वळला तर आत वाफ जात नाही, सैल वळला तर शिजताना सुटतो. सिगारचं अगदी तसंच आहे. घट्ट वळलेली ओढता ओढता गाल खपाटीला जातात, सैल वळलेली भराभरा जळून तापते. म्हणून घेताना दोन बोटांत हलकेच दाबून पाहावी. मधे गाठ लागली किंवा पोकळ खड्डा लागला की परत ठेवावी. वांगी निवडताना जेवढं दाबतो तेवढंच दाबायचं, कारण त्याहून जास्त दाबलं तर दुकानदार ती आपल्याच गळ्यात मारतो आणि त्याचं बरोबरच असतं.

तोंडाकडच्या गोल टोकाला पानाचीच एक छोटी टोपी डिंकानं चिकटवलेली असते. कापायची ती टोपी, आणि तीही वरून दीड-दोन मिलिमीटर. टोपीची कड बारीक रेषेसारखी दिसते, पातं त्या रेषेच्या वरच राहिलं पाहिजे. भोक मोठं तर धूर जास्त, या हिशेबानं लोक अर्धा सेंटिमीटर उडवतात आणि मग रॅपर पहिल्यांदाच नेसलेल्या धोतरासारखा सुटत जातो. दोन पात्यांचा कटर घ्यावा आणि एका दमात दाबावा. बिचकत बिचकत दाबला तर पान फाटतं. दातांनी तोडणं सिनेमात शोभतं, प्रत्यक्षात पुढची दहा मिनिटं जिभेवरून तंबाखूचा चुरा वेचत बसावं लागतं. कापल्यावर न पेटवता एक झुरका घेऊन पाहायचा. उसाचा रस स्ट्रॉनं ओढल्यासारखं वाटलं तर काम झालं. घट्ट मस्तानी ओढल्यासारखं वाटलं तर अजून पाऊण मिलिमीटर कापून बघावं.

या कटाईतून सुटका हवी असेल तर आपला जुना चिरूट आहे. हा शब्द मुळात तमिळ, ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळी. त्रिचीचा आणि दिंडिगलचा माल साहेबाच्या काळात विलायतेपर्यंत जायचा. चिरूट दोन्ही टोकांना उघडाच असतो, त्यामुळे कटर लागत नाही. फक्त कुठलं टोक तोंडात धरायचं एवढं ठरवावं. हे वाटतं तितकं उघड नाही. आंध्रच्या किनाऱ्यावर बायका चुट्ट्याचं, म्हणजे तिथल्या गावठी चिरुटाचं, पेटतं टोक तोंडात ठेवून ओढतात. त्यानं टाळूचा कॅन्सर होतो हेही डॉक्टरांनी नोंदवून ठेवलेलं आहे. तेव्हा तिथे स्पर्धेला उतरू नये.

आता पेटवणं. पेट्रोलचा लायटर नको, मेणबत्ती नको, देव्हाऱ्यातलं निरांजन तर नकोच, कारण पेट्रोलचा, मेणाचा, तुपाचा जो काही वास असेल तो शेवटपर्यंत तोंडात राहतो. ब्युटेन गॅसचा लायटर घ्यावा. काडी वापरायची तर लांब लाकडी काडी घ्यावी आणि तिच्या डोक्यावरचं गंधक जळून गेलं की मगच जवळ न्यावी. सिगार अजून हातातच. तिचं टोक ज्योतीच्या वर धरायचं, ज्योतीत घालायचं नाही. स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगायचं तर भरताचं वांगं भाजायचं नाहीये, पापड भाजायचाय. फिरवत फिरवत दहा-पंधरा सेकंद. कडा काळी पडून बारीक लाल रेघ धरली की मग तोंडात, आणि ज्योत अर्धा इंच लांब ठेवून फिरवतच दोन-तीन हलके झुरके. मग सिगार उलटी करून टोकावर हळूच फुंकर घालून बघावं. सगळीकडे सारखा निखारा दिसला तर ठीक, कुठे काळा डाग राहिला तर तेवढ्यावरच पुन्हा ज्योत धरायची. ही पाहणी लोक टाळतात. मग एक बाजू सरसर पुढे जळते, दुसरी मागे राहते आणि टोकाला होडीचा आकार येतो. मागे राहिलेल्या बाजूला लायटरचा शेक दिला की बहुतेक वेळा होडी सरळ होते. होत नसेल तर वर बघा, पंखा चालू असेल. वाऱ्यात सिगार एकसारखी जळतच नाही. मे महिन्यात पंखा बंद करून निखारा तोंडाशी धरण्याला हौस म्हणतात.

धूर तोंडात घ्यायचा, घोळवायचा आणि सोडायचा. छातीत घ्यायचा नाही. झुरका मिनिटाला एक. इथे सिगारेटवाल्यांची पुन्हा गोची होते. मिनिट त्यांना संपता संपत नाही, ते पंधरा सेकंदांत दुसरा झुरका घेतात, निखारा तापतो, आतलं तेल करपतं आणि जीभ पोळल्यासारखी होते. उलट टोकाला, गप्पांत रंगून तीन मिनिटं विसरलं तर सिगार विझते. विझली तर विझली, त्यात नाक कापलं जात नाही. राख झाडायची, तोंडानं आतून बाहेर एक फुंकर मारून शिळा धूर काढून टाकायचा आणि पुन्हा पापड. राख इंचभर वाढेपर्यंत झटकू नये, राखपात्राच्या कडेला टेकवली की ती आपली आपण पडते. इंचापुढे ती कौतुकानं सांभाळणारे कलावंत असतात, त्यांच्या सदऱ्यावर बघावं.

‘मी धूर गिळतच नाही, मग मला काय होणार?’ हे वाक्य उच्चारल्यापासून साधारण वीस मिनिटांत माणूस पांढरा पडतो. सिगारेटचा धूर आम्लधर्मी असतो, त्यातलं निकोटिन मुख्यतः फुप्फुसातून रक्तात जातं. सिगारचा धूर अल्कधर्मी, त्यातलं निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतूनच थेट शिरतं. तळहातावर तंबाखूला चुना लावून मळणाऱ्यांना हे केव्हाचं ठाऊक आहे, चुना तिथे हेच अल्काचं काम करतो. शिवाय एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. तोंडाचा, घशाचा कॅन्सर तर ती न गिळतासुद्धा देते, ‘सिगार सुरक्षित’ हे फक्त विकणाऱ्यानं म्हणावं. आणि आज संध्याकाळपुरतं बोलायचं तर हात गार पडतात, कपाळावर घाम येतो, पोटात ढवळतं आणि खोली सावकाश फिरू लागते. अशा वेळी सिगार खाली ठेवायची, मोकळ्या हवेत बसायचं, पाणी प्यायचं आणि गुळाचा खडा तोंडात टाकायचा. ‘आता थोडीच राहिलीय’ म्हणून उरकायला जायचं नाही. मुळात ही वेळच येऊ नये म्हणून भरपेट जेवून बसावं. उपाशीपोटी केलं तर फळत नाही असं व्रत माझ्या माहितीत हे एकच. संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत सिगार पेटवणाऱ्याला चंद्र दोन दिसतात.

घरात ठेवायची असेल तर तिला ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. जुलैतल्या मुंबईत ती उघडी राहिली तर दमट होऊन फुगते, रॅपर तडकतो, वर बुरशी धरते. मेमधल्या नागपुरात ती कुरडईसारखी वाळते. हवाबंद प्लास्टिकचा डबा आणि त्यात आर्द्रता राखणारी तयार पुडी एवढ्यावर भागतं, शिसवी पेटी नंतर बघू. मात्र त्या डब्यात आधी लोणचं नसावं. सुमारे २५ अंशांच्या वर तापमान गेलं की पानातली किड्याची अंडी फुटतात आणि रॅपरला टाचणीएवढी भोकं पडतात. हळकुंडं आणि मिरच्या पोखरतो तोच हा किडा, त्यामुळे मसाल्याच्या फळीवर तर डबा ठेवूच नये.

उरला सिगारचा शेवटचा एक तृतीयांश भाग, आणि पैसे वसूलवाल्याची खरी कसोटी. डांबर आणि निकोटिन पुढच्या टोकाकडून मागे साचत आलेलं असतं, त्यामुळे इथे चव उग्र होते. बोटांना चटका जाणवला की थांबायचं. चिरडून विझवायचं नाही, चिरडल्यावर सुटणारा वास तीन दिवस पडद्यांत राहतो. राखपात्रात आडवी ठेवून द्यायची, पाच-दहा मिनिटांत ती स्वतःहून विझते. मग थोटूक घराबाहेर.

पण अडीचशे रुपयांचा ऐवज अजून शिल्लक आहे, हे ज्याला सहन होत नाही, तो ते थोटूक चांदीच्या कागदात गुंडाळून उद्यासाठी फ्रीजमध्ये ठेवतो. फ्रीजमध्ये ते आणखी वाळतं, आणि दुसऱ्या दिवशी पेटवलं तर ओल्या राखेची चव देतं. मधल्या रात्रीत शेजारच्या श्रीखंडाला मात्र त्याचा पुरेपूर वास लागलेला असतो. ते श्रीखंड टाकून द्यायचं की पैसे वसूल करायचे, हा निर्णय सहसा घरातलं दुसरं माणूस घेतं, आणि तेव्हा सिगारवाल्याला विचारत नाहीत.