थेरपिस्टनं गटात स्वतःचं किती सांगावं?

ग्रुप थेरपी घेणाऱ्या थेरपिस्टनं गटात आत्ता जे घडतंय त्यावर आपल्या मनात काय आलं ते जरूर सांगावं. स्वतःच्या आयुष्यातलं मात्र फार जपून सांगावं. 'थेरपिस्टनं स्वतःचं सांगितलं की आपलेपणा वाटतो' असं म्हणतात, पण एवढं कारण मला पुरत नाही.

डॉक्टरनं आरशासारखं असावं, स्वतःचं काही दाखवू नये, असं मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडनं 1912 मध्ये लिहिलं. इतकं कोरं राहणं मलाही नको, आणि गटात ते जमतही नाही. आठ-दहा जण समोर बसलेले असतात. थेरपिस्टचे डोळे भरून आले की कुणाच्या तरी लक्षात येतंच. त्यापेक्षा "तुमचं बोलणं तापलं तेव्हा मी गोंधळले, मध्ये पडायला हवं होतं" असं तिनं सरळ म्हटलं, तर सगळ्यांना मोकळं वाटतं. ग्रुप थेरपीवर लिहिणारे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम थेरपिस्टच्या पारदर्शकतेचे मोठे पुरस्कर्ते. त्यांचाही भर 'इथे आणि आत्ता' यावरच होता.

पण "माझाही घटस्फोट झालाय" हे वाक्य घ्या. दोघांच्याच थेरपीत ते एकाच माणसापर्यंत पोचतं आणि त्याच्यावर काय परिणाम झाला ते विचारता येतं. गटात एकाला धीर येतो, दुसरीला तो सल्ला वाटतो आणि संसार टिकवायला धडपडणारा तिसरा गप्प होतो. आणखी कुणी थेरपिस्टलाच सांभाळायला लागतं! गटात बसून मी हे पाहिलंय, आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. लहानपणापासून घरातल्या मोठ्यांची मनं राखून थकलेली कितीतरी माणसं तिथं येतात. त्यांच्या गळ्यात पुन्हा तेच काम का घालायचं? तेही त्यांनी पैसे मोजलेल्या वेळेत?

थेरपिस्टनं स्वतःचं सांगावं म्हणणारे इथं अल्कोहोलिक्स अनॉनिमसचं, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटांचं, उदाहरण हमखास देतात. 1935 पासून ती चळवळ एकमेकांच्या अनुभवांवर उभी आहे, आणि मला तिच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण तिथं कुणी थेरपिस्ट नसतो. बोलणारा आणि ऐकणारा एकाच वाटेवरचे असतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि थेरपिस्ट मार्शा लिनेहान यांनी 2011 मध्ये स्वतःच्या तरुणपणीच्या मानसिक आजाराबद्दल जाहीरपणे सांगितलं. केवढं धाडस ते! पण त्यांनी ते व्याख्यानात सांगितलं, कुणाच्या उपचाराच्या वेळेत नाही.

"तुम्हाला मुलं आहेत का?" असं कुणी विचारलं तर टाळाटाळ नको, एका वाक्यात उत्तर द्यावं. आणि मग गटाकडे वळून प्रत्येकाला विचारावं, हे ऐकून तुला काय वाटलं? जो गप्प बसलाय, त्याला आधी.