सगळ्या कुकीज बंद करू नका
एका लेखात म्हटलंय की ट्रॅकिंग (आपण नेटवर काय पाहतो यावर पाळत) नको असेल तर सरसकट सगळ्याच कुकीज (साइट आपल्याला ओळखायला ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदी) बंद करा. असं करू नका बाप्पा! मी करून बसलोय. एका दुकानाच्या साइटवर कार्टमध्ये सामान टाकलं की पुढच्या पानावर कार्ट रिकामं. १९९४ साली नेटस्केप या ब्राउझरवाल्यांनी कुकी काढली ती मुळात हेच लक्षात ठेवायला.

भानगड आहे ती थर्ड पार्टी कुकीची, म्हणजे आपण उघडलेल्या साइटची नाही, तिसऱ्याच कंपनीची कुकी. एप्रिलमध्ये कूलरचा पंप जळला (नागपुरात आहोत, म्हणजे आणीबाणीच), म्हणून ऑनलाइन भाव पाहिले. पंप शेवटी सीताबर्डीवरून आणला, कूलर सुरू झाला, तरी पंधरा दिवस बातमी उघडा की पंप, रेसिपी उघडा की पंप! बायको म्हणे, फोन आपलं ऐकतो. अगं, ऐकायची गरजच काय? या साऱ्या पानांवर जाहिरात लावणारी कंपनी एकच, तिची कुकी आपल्याला ओळखते.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये फक्त थर्ड पार्टी कुकीज ब्लॉक करा. ॲपलचं सफारी त्या आपणहून अडवतं. ॲप्सना मात्र हे लागू नाही. त्यासाठी अँड्रॉइडमध्ये ॲडव्हर्टायझिंग आयडी (जाहिरातवाले फोन ओळखतात तो ओळख-क्रमांक) वेगळा डिलीट करावा लागतो.