नागपूरच्या उन्हाळ्यात झाडांची सावली मोजायला हवी

नागपुरात उन्हाळ्याची चर्चा पारा किती चढला याभोवतीच फिरते. हवामान केंद्राने 45 अंश नोंदवले की दुसऱ्या दिवशी तो आकडा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतो. मात्र तो सावलीतला आकडा असतो, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. त्याच्यावर थेट ऊन पडत नाही. भर दुपारी सिमेंटच्या रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला मात्र डोक्यावरचे ऊन, पायाखालची धग आणि बाजूच्या भिंतींतून बाहेर पडणारी उष्णता हे सारे एकाच वेळी सोसावे लागते. या तिन्हींवर एकाच जागी उपाय करणारी गोष्ट म्हणजे मोठे, डेरेदार झाड. शहर नियोजनात झाडाला शोभेच्या वस्तूचे स्थान देणे मला म्हणूनच मुळीच मान्य नाही.

झाडामुळे होणारा गारवा दोन मार्गांनी येतो. पहिला मार्ग सावलीचा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या माहितीनुसार सावलीतले पृष्ठभाग उन्हातल्या पृष्ठभागांपेक्षा 11 ते 25 अंशांपर्यंत थंड राहू शकतात. जो रस्ता दिवसा तापलाच नाही, तो रात्री उष्णताही सोडत नाही, आणि रात्री शरीराला विसावा मिळणे हे उष्माघात टाळण्यासाठी फार महत्त्वाचे असते. दुसरा मार्ग बाष्पोत्सर्जनाचा. मुळांनी ओढलेले पाणी पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून वाफ होऊन बाहेर पडते आणि त्यासाठी लागणारी उष्णता भोवतालातून घेतली जाते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 0.68 युनिट विजेइतकी ऊर्जा लागते. म्हणजे दिवसाला 100 लिटर पाणी हवेत सोडणारे झाड जवळपास 68 युनिटांइतकी उष्णता शोषून घेते. विदर्भातल्या घराघरांतील कूलर वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडून जे काम करतो, तेच काम झाड विजेवाचून करत असते. कूलर मुंबईत चालत नाही आणि नागपुरात चालतो, कारण इथली मे महिन्यातली हवा कोरडी असते. त्यामुळे मुंबईच्या दमट हवेत झाडाच्या सावलीवर अधिक भिस्त ठेवावी लागते, तर नागपूर, अकोला, चंद्रपूर यांसारख्या शहरांना झाडाचे दोन्ही गुण पुरेपूर लाभू शकतात. अट एवढीच की मुळांना पाणी मिळाले पाहिजे. जमीन कोरडी पडली की झाड स्वतःला वाचवण्यासाठी रंध्रे मिटून घेते आणि बाष्पोत्सर्जन मंदावते.

कोणते झाड लावले आहे, यावरही बरेच अवलंबून असते. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वाधिक तापाचे मानले जाणारे नऊ दिवस, मे अखेरीस येतो. कडुनिंब, पिंपळ आणि करंज यांची पानगळ तोवर उरकलेली असते आणि नवी पालवी दाट झालेली असते. साग मात्र त्या दिवसांत निष्पर्ण उभा असतो आणि गुलमोहर फुलांनी कितीही सुंदर दिसला, तरी त्याची सावली तेव्हा विरळच असते. रस्त्याकडेच्या लागवडीत पानगळीचे हे वेळापत्रक पाहिले जावे, असे मला मनापासून वाटते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. महाराष्ट्रात नागरी भागातील झाडांच्या संरक्षणासाठी 1975 पासून कायदा आहे. त्यात 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीने 50 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय, तितकी रोपे लावण्याची तरतूद आली. पूर्वीच्या मानाने हे पाऊल निश्चितच चांगले आहे. तरीही उष्णतेच्या दृष्टीने हा हिशेब अपुरा आहे, कारण 60 वर्षांच्या कडुनिंबाऐवजी शहराच्या वेशीबाहेर 60 रोपे लावली, तर ज्या रस्त्यावरची सावली गेली तो रस्ता तापतच राहतो. गारवा पानांच्या एकूण क्षेत्रफळातून येतो, आणि ते क्षेत्रफळ भरून यायला एक पिढी जाते. 2021 मध्ये अजनी परिसरातील झाडे वाचवण्यासाठी नागपूरकर रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्या आग्रहामागे मला हेच शहाणपण दिसले होते.

विखुरलेली झाडे आणि सलग छाया यांतही मोठा फरक आहे. अमेरिकेतील मॅडिसन शहरात झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की रस्त्यांनी वेढलेल्या एका चौकोनाइतक्या भागात वृक्षछत्र, म्हणजे झाडांच्या डेऱ्यांनी झाकलेली जागा, 40 टक्क्यांच्या पुढे गेले की दिवसाचा गारवा ठळकपणे वाढतो. युरोपातील 93 शहरांचा अभ्यास ‘द लॅन्सेट’मध्ये 2023 साली आला. या शहरांतील वृक्षछत्र 30 टक्क्यांवर नेल्यास तापमान सरासरी 0.4 अंशाने उतरेल आणि 2015 च्या उन्हाळ्यातील 2,644 अकाली मृत्यू टळू शकले असते, असा त्याचा अंदाज होता. अर्ध्या अंशाहून कमी फरकाने एवढे जीव वाचणार असतील, तर उन्हाळ्याने होरपळणाऱ्या आपल्या शहरांनी याकडे किती गांभीर्याने पाहायला हवे!

नागपुरात सिव्हिल लाइन्स आणि सेमिनरी हिल्सच्या वाट्याला मोठी झाडे आली. इतवारी आणि महालच्या दाट वस्तीत त्यांना जागाच उरली नाही. उन्हात सर्वाधिक काळ काढणारे हातगाडीवाले, रिक्षाचालक, ठिय्यावर कामाची वाट पाहणारे मजूर आणि बसथांब्यावरचे प्रवासी यांच्या डोक्यावर सावली आहे की नाही, हा माझ्या मते वृक्षलागवडीचा पहिला निकष असावा. बागाही दुपारी कुलूपबंद न ठेवता त्यांच्यासाठी उघड्या ठेवाव्यात, कारण सावलीची खरी गरज त्याच वेळी असते.

नवी झाडे वाढायला वेळ लागेल, पण आहेत ती जगवणे आजही आपल्या हाती आहे. खोडाला अगदी खेटून पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट घातल्याने मुळांना ना पाणी मिळते ना हवा. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. आपल्या सोसायटीच्या आवारात आणि घरासमोरच्या रस्त्यावर अशी झाडे असतील, तर सोसायटीच्या बैठकीत हा विषय मांडावा, रस्त्यावरील झाडांसाठी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी अर्ज करावा आणि मृगाच्या सरी येण्यापूर्वी प्रत्येक खोडाभोवती मातीचे आळे मोकळे करून घ्यावे, ही माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे.